पहिला सर्व्हर बंद पडला, हे ठरवायचे कोणी?

प्रति,
अध्यक्ष, सचिव व संचालक,
बुधवार पेठेतील पतसंस्था, वाचनालये, प्रकाशनगृहे आणि व्यापारी पेढ्या,
पुणे ४११ ००२

विषय : सर्व्हरचे हार्डवेअर बिघडल्यावरही व्हर्च्युअल मशीन चालू ठेवण्याची व्यवस्था



व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. आतल्या प्रणालीला आपला स्वतंत्र प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड आहे असे वाटते; प्रत्यक्षात हे सारे एका खऱ्या सर्व्हरमधून वाटून मिळालेले असते. ही वाटणी करणाऱ्या थराला हायपरव्हायझर म्हणतात. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केले तेव्हा ही सोय मेनफ्रेमवाल्यांपुरती होती. १९९८ साली व्हीएमवेअर कंपनी निघाली, २००३ साली केंब्रिजमधून झेन आला आणि २००७ साली केव्हीएम थेट लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाले. तेव्हापासून साध्या पेटीवरही पाच-दहा व्हर्च्युअल मशीन चालवणे नेहमीचे झाले. ठेवी-कर्जाचा डेटाबेस, हजेरी, टॅली आणि सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग आता एकाच पेटीत राहू शकते.

पूर्वी चार पेट्या होत्या आणि एक बिघडली तर एक काम अडत असे. आता एक बिघडली की चारही अडतात. त्यावर उपाय म्हणून दुसरा सर्व्हर घेण्याचा ठराव होतो, आणि तापकीर गल्ली हाकेच्या अंतरावर असल्याने तो लगेच अमलातही येतो. पण दुसरा सर्व्हर घेतला म्हणजे अखंड सेवा मिळाली असे होत नाही. पहिला खरोखर बंद पडला आहे हे कोणी ठरवायचे, आणि त्या क्षणी ताजा डेटा कुठे असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसतील तर दुसरा सर्व्हर नुकसान वाढवण्याचीच शक्यता जास्त. पुढील विवेचन मुख्यतः या दोन प्रश्नांभोवती आहे.

हार्डवेअर बिघडले म्हणजे दर वेळी पेटी बंद पडतेच असे नाही. पॉवर सप्लाय जळणे, पंखा अडकणे, डिस्क खटखट करत थांबणे हे त्या मानाने प्रामाणिक बिघाड, ते दिसतात. खरा ताप असतो अर्धवट बिघाडांचा. डिस्क मरत नाही, पण प्रत्येक वाचनाला काही सेकंद लावते. नेटवर्क कार्ड तुटते, जुळते, पुन्हा तुटते. मेमरीतला एखादा बिट उलटतो आणि कोणाला कळतही नाही. गुगलच्या सर्व्हरवर टोरांटो विद्यापीठाच्या सहभागाने झालेला २००९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे: वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. एका बिटाची चूक स्वतः सुधारणारी आणि दोन बिटांची चूक निदान कळवणारी ईसीसी मेमरी त्यामुळे सर्व्हरला लागतेच. डेस्कटॉपचा बोर्ड उभ्या पेटीत बसवून त्याला सर्व्हर म्हणण्याची रीत जुनी आहे. दरपत्रकात ‘ईसीसी’ हा शब्द आहे की नाही एवढे पाहिले तरी बरेच काही उमगते.

व्हर्च्युअल मशीन चालू ठेवण्याचे तीन प्रकार आहेत आणि विक्रेत्यांच्या बोलण्यात ते सर्रास एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिला, लाइव्ह मायग्रेशन. चालू मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणे. मेमरीची पाने पलीकडे पाठवली जातात. तेवढ्यात जी बदलली ती पुन्हा पाठवली जातात. उरलेली थोडकी राहिली की मशीन क्षणभर गोठवून शेवटचा घास पलीकडे पोचवला जातो. ग्राहकाला काही जाणवत नाही. पण यासाठी दोन्ही सर्व्हर जिवंत लागतात. पंखा बदलायचा आहे, महावितरणने गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे आधी कळवले आहे आणि दुसरा सर्व्हर वेगळ्या जागी आहे, अशा वेळी ही सोय कामाची. जळालेल्या सर्व्हरवरून काहीच स्थलांतरित करता येत नाही. शिवाय दोन सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील तर मशीन पलीकडे गेल्यावर कोसळू शकते. म्हणून दोहोंना समान असा जुना प्रोसेसर-प्रकार सुरुवातीलाच निवडावा लागतो. सेकंडहँड बाजारातून दुसरा सर्व्हर घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

दुसरा प्रकार हाय अव्हेलेबिलिटीचा, म्हणजे एक सर्व्हर गेला की त्यावरची मशीन दुसऱ्यावर आपोआप पुन्हा सुरू करण्याचा. ‘पुन्हा सुरू’ हे शब्द महत्त्वाचे. मेमरीत जे होते ते गेले. मशीनच्या दृष्टीने अचानक लाइट गेली आणि आली. डेटाबेस आपल्या नोंदवहीवरून अपुरे व्यवहार मागे घेतो, पुरे झालेले उभे करतो आणि कामाला लागतो. प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालीत बिघाड ओळखून मशीन दुसरीकडे हलवायला साधारण दोन मिनिटे लागतात, वर मशीन सुरू होण्याचा वेळ.

तिसरा प्रकार फॉल्ट टॉलरन्सचा. एकाच मशीनच्या दोन प्रती दोन सर्व्हरवर जोडीने चालतात आणि एक गेली तर दुसरी त्याच क्षणी पुढे होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००८ साली झेनवर केलेल्या रेमस या प्रयोगात मशीनची स्थिती सेकंदाला चाळीस वेळांपर्यंत दुसरीकडे उतरवली जात होती, आणि ती उतरल्याची पोच येईपर्यंत बाहेर जाणारे प्रत्येक उत्तर रोखून धरले जात होते. बाहेरच्या जगाला जे कळले ते दुसऱ्या प्रतीला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्यातला नेमका विचार. किंमत मात्र दुप्पट यंत्रे आणि मंद उत्तरे. आणि सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल तर दोन्ही प्रती इमानेइतबारे एकत्र कोसळतात. पेठेतल्या संस्थांना याची गरज सहसा पडत नाही. काउंटरवर पाच मिनिटे ‘सिस्टिम बंद आहे’ म्हणणे परवडते. कालच्या भरण्याची नोंद हरवणे परवडत नाही.

म्हणून दुसरा प्रकार पुरे, आणि खरी अडचण त्याच्याच पोटात आहे.

दोन सर्व्हर एकमेकांना सेकंदागणिक ‘आहे’ असा संदेश पाठवतात. संदेश थांबला. आता दुसऱ्या सर्व्हरला दोनच शक्यता दिसतात: पहिला मेला, किंवा मधली केबल निघाली. आतून पाहता या दोहोंत काडीचा फरक नाही. केबलच निघाली असेल आणि दुसऱ्याने ‘तो मेला’ असे समजून मशीन सुरू केली, तर एकच मशीन दोन ठिकाणी जिवंत होते आणि दोन्ही प्रती एकाच डिस्कवर लिहू लागतात. दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता एकाच खतावणीच्या एकाच पानावर वेगवेगळ्या नोंदी कराव्यात, तसे. या अवस्थेला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. सर्व्हर बंद पडल्याने काही तास जातात. स्प्लिट-ब्रेनमध्ये डिस्कवरची फाइल प्रणालीच विस्कटते आणि मग बॅकअपशिवाय गत्यंतर उरत नाही.

यावर पहिला बंदोबस्त म्हणजे बहुमत. मते तीन ठेवायची. ज्याच्या बाजूला दोन, त्यानेच काम चालवायचे, एकट्याने गप्प बसायचे. तिसरा पूर्ण सर्व्हर परवडत नसेल तर निव्वळ मत देणारे एखादे छोटे यंत्र, ज्याला साक्षीदार म्हणता येईल, तेवढेही चालते. त्याला ना मोठी मेमरी लागते ना मोठी डिस्क, आणि इंटरनेटवरून थोडे उशिरा मत दिले तरी बिघडत नाही. दोन चुका मात्र टाळाव्यात. साक्षीदाराला त्याच दोन सर्व्हरपैकी एकावर व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवले, तर तो सर्व्हर जाताना स्वतःबरोबर दोन मते घेऊन जातो. साक्षीदार पहिल्या सर्व्हरच्या खोलीत, त्याच प्लगपट्टीवर ठेवला तरी परिणाम तोच. कोथरूडची किंवा हडपसरची शाखा ही त्याची योग्य जागा.

दुसरा बंदोबस्त फेन्सिंगचा. बहुमत मिळालेल्या बाजूने मशीन सुरू करण्याआधी संशयित सर्व्हर नक्की बंद आहे याची खात्री करून घ्यायची, आणि खात्री नसेल तर त्याची वीज तोडायची. हे काम सर्व्हरच्या बोर्डावरच्या स्वतंत्र नियंत्रक चिपमार्फत किंवा नेटवर्कवरून चालू-बंद होणाऱ्या वीजपट्टीमार्फत होते. दुसरी रीत वॉचडॉगची: प्रत्येक सर्व्हरमध्ये एक घड्याळ उलटे मोजत असते, बहुमत असेपर्यंत ते पुन्हा पुन्हा भरले जाते, बहुमत सुटले की घड्याळ शून्यावर येते आणि सर्व्हर स्वतःलाच रीसेट करतो. दुसऱ्या बाजूने तेवढा वेळ थांबायचे आणि मगच मशीन उचलायची.

नियंत्रक चिपची एक गोम सांगितली पाहिजे. ती त्याच सर्व्हरच्या विजेवर चालते. सर्व्हरचा वीजपुरवठाच गेला तर चिपही गेली, ‘बंद केले’ अशी पोच येत नाही आणि शिस्तीचे क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) मशीन सुरू न करता वाट पाहत बसते. वरवर पाहता हा दोष वाटतो, आणि मग कोणी तरी ती फेन्सिंगची ‘कटकट’ बंद करून टाकतो. ती कटकट हाच सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. अशा वेळी करायचे एवढेच: किल्ली असलेल्या माणसाने खोलीत जाऊन प्लग स्वतःच्या हाताने काढायचा आणि मगच प्रणालीला ‘बंद आहे’ असे सांगायचे. न पाहता फोनवरून सांगितलेले ‘बंद असेल’ धोक्याचे.

दुसरा मोठा प्रश्न डेटाचा. मशीन दुसरीकडे सुरू करायची तर तिची डिस्क तिथे दिसली पाहिजे. जुनी रीत म्हणजे दोन सर्व्हर आणि मध्ये एक सामाईक स्टोरेज. दोन सर्व्हर घेऊन एकच स्टोरेज ठेवले की जोखीम तिथे जाऊन बसते, एवढेच. तिथल्या रेडमुळे, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा जोडीने ठेवण्याच्या रीतीमुळे, एक डिस्क गेल्यास काम थांबत नाही; नियंत्रक गेला, किंवा कोणी चुकून फाइल पुसली, तर रेडला त्याचे सुखदुःख नाही.

स्टोरेजच्या पोटातला धोका किती मोठा असतो हे मुंबईत दिसले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला सर्व विभागांतले व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला आणि पाचपर्यंत चालले. एक्स्चेंजकडे दोन कंपन्यांच्या जोडवाहिन्या होत्या आणि चेन्नईला आपत्कालीन केंद्रही होते. दोन्ही कंपन्यांच्या वाहिन्यांत बिघाड झाला, त्याला मार्गावरची खोदाई आणि बांधकामे कारणीभूत असल्याचे एक्स्चेंजने नंतर सांगितले. वाहिन्या तुटल्या तरी मुख्य केंद्रातले स्टोरेज आपले काम करत राहायला हवे होते. तेच सर्व्हरना मिळेनासे झाले आणि जोखीम-व्यवस्थापनाची प्रणाली थांबली. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची प्रणाली विस्कळीत झाल्यास तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर ४५ मिनिटांत सेवा सुरू करायची आणि १५ मिनिटांहून अधिक काळाचा डेटा गमवायचा नाही. यातला जाहीर करण्याचा कालावधी फार मोलाचा. यंत्र पलीकडे नेण्याची तयारी असूनही ‘थोडे थांबून पाहू’ म्हणणारा माणूस तास घालवतो. किती वेळात सुरू झाले पाहिजे आणि किती वेळचा डेटा गेला तर चालेल, हे दोन आकडे प्रत्येक पतसंस्थेच्या संचालक मंडळाने ठरावात लिहिले तर पुढची निम्मी खरेदी आपोआप ठरते.

नवी रीत डेटाच्या प्रती सर्व्हरमध्येच ठेवण्याची. २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेले डीआरबीडी प्रत्येक लेखन दोन्ही सर्व्हरवर एकदम करते. सेफ ही स्टोरेज प्रणाली तीन प्रती ठेवते आणि दोन जागेवर असल्याशिवाय लिहू देत नाही. त्यासाठी निदान तीन सर्व्हर लागतात. तिसरा मार्ग ठरावीक वेळाने बदल पाठवण्याचा. प्रॉक्समॉक्समध्ये हा काळ न बदलल्यास १५ मिनिटे असतो. वाचनालयाच्या देवघेवीला तो पुरतो. ठेवींच्या डेटाबेसला पुरत नाही, कारण काउंटरवर पावती फाडून दिलेला शेवटचा भरणा नेमका त्या १५ मिनिटांत असतो.

एकदम लिहिण्याच्या पद्धतीत अंतर मोजावे लागते. फायबरमधून प्रकाश एका किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद घेतो. बुधवार पेठेतून वीस किलोमीटरच्या फायबरने हिंजवडीला जाऊन पोच परत यायला ०.२ मिलिसेकंद, हे सहज खपते. दीडशे किलोमीटरवरच्या मुंबईला दीड मिलिसेकंद, वर मधल्या उपकरणांचा उशीर, आणि तो प्रत्येक नोंदीमागे. शहरात दोन ठिकाणी एकदम लिहावे आणि लांबच्या गावी थोडे मागून पाठवावे, ही वाटणी म्हणूनच रूढ झाली.

येथे पेठेचा भूगोल आडवा येतो. एक सर्व्हर वर्षाचा ९९ टक्के वेळ चालतो, म्हणजे सुमारे साडेतीन दिवस बंद असतो, असे धरले तर दोन मिळून ९९.९९ टक्के, वर्षाला जेमतेम ५३ मिनिटे बंद, असा हिशेब दरपत्रकात मांडता येतो. हा गुणाकार दोन्ही बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच खरा. एकाच खोलीत, एकाच फिडरवर, एकाच यूपीएसवर ठेवलेले दोन सर्व्हर या हिशेबात एकच. गल्लीत जलवाहिनीसाठी खोदाई निघाली की एकाच चरातून गेलेल्या दोन कंपन्यांच्या केबल एका फटक्यात तुटतात. बिले दोन येतात म्हणून मार्ग दोन होत नाहीत.

दोन ठिकाणी एकदम घाला पडणे पेठेला नवे नाही. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाड्याला आग लावली गेली. त्याच रात्री विश्रामबाग वाडाही पेटला. बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या होत्या आणि १८४८ साली स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, तीही तिथेच होती. दोन वाड्यांमधले अंतर दहा मिनिटे चालण्याइतके. एका वाड्यातल्या कागदांची नक्कल दुसऱ्या वाड्यात ठेवणे त्या काळी कोणालाही पुरेशी खबरदारी वाटली असती. १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या पेठांना असाच धडा दिला. दुसरी प्रत पेठेबाहेर आणि नदीपासून उंचावर असावी. तळमजल्यावरची सर्व्हर-खोली कितीही थंड असली तरी सोयीची नाही.

विसर्जन मिरवणुकीचाही विचार करावा. मानाच्या पाच गणपतींपैकी तांबडी जोगेश्वरी पेठेतलाच, आणि लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक हल्ली चोवीस तासांहून अधिक चालते. त्या काळात इंजिनिअर गाडी घेऊन येऊ शकत नाही आणि तापकीर गल्ली बंद. ‘चार तासांत माणूस पाठवू’ असे लिहिलेल्या वार्षिक देखभाल कराराचा त्या दिवशी उपयोग नाही. एक पॉवर सप्लाय, एक डिस्क आणि एक स्विच कपाटात ठेवणे कितीही जुनाट वाटले तरी त्याला पर्याय नाही.

क्षमतेची चूकही नेहमीची आहे. दोन सर्व्हर आहेत म्हणून दोहोंची मेमरी ८० टक्के भरली, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १६० टक्के मावणार कसे? दोन असतील तर प्रत्येकी निम्म्याच्या आत राहावे, नाहीतर कोणती मशीन आधी उचलायची आणि कोणती सोडून द्यायची याचा क्रम ठरवून ठेवावा. डेटाबेस आधी, टॅली त्यानंतर, सीसीटीव्ही शेवटी.

दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे वेगळे सांगावे लागते. पुसलेली फाइल दुसऱ्या सर्व्हरवरूनही त्याच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेला डेटा तितक्याच तत्परतेने पलीकडे पोचतो. जुन्या तारखांचा, नेटवर्कपासून तोडलेला बॅकअप स्वतंत्र लागतो, आणि तो वर्षातून एकदा तरी रिकाम्या सर्व्हरवर उतरवून पाहावा लागतो.

तालीमही हवी. महावितरणची वीज बंद असणारा एखादा गुरुवार, काउंटर मिटल्यानंतरची वेळ. ताजा बॅकअप घ्यावा, डेटाबेसमध्ये एक खूणनोंद करावी, घड्याळ पाहावे आणि पहिल्या सर्व्हरचा प्लग ओढावा. प्रणालीतून नीट बंद केलेला सर्व्हर दुसऱ्याला निरोप देऊन जातो, म्हणून त्याने काही सिद्ध होत नाही. खूणनोंद दुसरीकडे दिसली का आणि किती मिनिटांनी, हे ठरावातल्या दोन आकड्यांशेजारी लिहावे. दुसऱ्या तालमीत फक्त मधली केबल काढावी; स्प्लिट-ब्रेनची खरी परीक्षा तीच. तिसरीत दोन्ही सर्व्हर आणि स्विच एकदम बंद करून एकदम सुरू करावेत. स्विच सर्व्हरपेक्षा उशिरा जागा झाला तर दोघांनाही आपण एकटेच उरलो असे वाटते, म्हणून थंड सुरुवातीनंतर एकमेकांना एकदा पाहिल्याशिवाय काम सुरू न करण्याची सूचना मांडणीत असावी लागते.

दुरुस्त होऊन आलेल्या सर्व्हरकडे जुना डेटा असतो आणि तो खरा आहे असे त्याला वाटत असते. त्याला प्रथम केवळ घेणारा म्हणून जोडावे, प्रती पूर्ण जुळल्याचे प्रणालीने सांगेपर्यंत थांबावे, मेमरीची चाचणी रात्रभर चालवावी. तोवर संस्था एकाच पायावर उभी असते. इंजिनिअरला घाई असते, पण मशीन परत मूळ जागी आणण्याचे काम दुसऱ्या दिवशी काउंटर मिटल्यावर लाइव्ह मायग्रेशनने करता येते.

कळावे.

बुधवार पेठेतील एक रहिवासी